बंदुकीची नळी म्हंजे पंपाचं वॉशर न्हवं



मागल्या पंधरवड्यात ओढ्याकडच्या मक्यात रानडुकरं शिरली. कणसं दुधात होती. सकाळी जाऊन बघितलं तर तीन-साडेतीन गुंठे लोळवलेले. खाल्लं थोडं, मोडलं जास्त. डुकराची खोडच ती. पुतण्या सोबत होता. त्यानं बांधावर उभं राहूनच विषय काढला, "तात्या, आबांची बंदूक कवा काढायची?"

आमच्या वडिलांची एकनळी बारा बोरची बंदूक आहे. पीक संरक्षणाचं लायसन. वडील गेल्यावर माझ्या नावावर झालं. पण गेली काही वर्षं ती बंदूक नुसतीच कपाटात. नळीत आतून गंजाचे डाग पडलेत. एकदा बार काढला तर छर्रे कुठं गेले ते कळलं नाही, वर खांद्याला असा धक्का बसला की आठ दिवस हात वर जाईना. तेव्हापासून मी तिला हात लावला नव्हता.

त्याच रात्री पुतण्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतला कुणी गडी आपल्या घराच्या गॅरेजमध्ये रायफलीची झिजलेली नळी खोलतो, नवी बसवतो, चहा गार व्हायच्या आत काम उरकतो. पुतण्या आयटीआयचा फिटर. हात चांगला आहे त्याचा. म्हणाला, "सबमर्सिबलचं बेरिंग आपण घरी बदलतो, एचटीपीचा पिस्टन घरी बदलतो, रोटाव्हेटरचा शाफ्ट खराद्याकडून करून आणला. मग ही नळी काय मोठी? माप देतो, नळी कातून आणतो, बसवतो."

एका खराद्याला त्यानं फोनवर विचारलंसुद्धा. तो म्हणाला, आणा, करून देतो. इथंच माझ्या पोटात गोळा आला. जाणता माणूस नाही म्हणाला असता.

म्हणून आज पिकाचं सोडून ह्यावर लिहितोय. आपल्या इंदापूर-बारामती भागात वाडवडिलांच्या अशा बंदुका पुष्कळ घरांत आहेत, आणि घराघरांत आता मोबाइलवर बघून हात चालवणारी पोरं आहेत. माझं मत आधीच सांगतो. नळी घरी बदलायची नाही. खराद्याकडंही नाही. पोराच्या हाताला कला आहे ह्यात वाद नाही. पण हे काम नुसत्या हाताचं नाही.

आपल्याला समजेल अशा मापात सांगतो. आपलं ठिबक चालतं एक-दीड किलो प्रेशरवर. एचटीपी पंप वीस, तीस, फार तर चाळीस किलो. त्या चाळीस किलोला जुना होज फुटला तर माणूस दचकून खाली बसतो. आता बारा बोरचं काडतूस फुटतं तेव्हा नळीच्या बुडाशी दाब होतो सातशे-आठशे किलोपर्यंत. आजच्या रायफलीत तोच दाब साडेतीन-चार हजार किलोवर जातो. आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. ज्या जागी हा दाब होतो तिथनं आपला गाल एक वीतभर लांब असतो, डावा हात तर नळीखालीच. होज फुटला तर पाणी उडतं. इथं लोखंड उडतं.

नळीचं पोलाद म्हणजे बाजारातला सीमलेस पाइप नव्हे. ते पोलाद वेगळं, त्याला दिलेली आच वेगळी. कारखान्यात नळी झाली की नेहमीपेक्षा जादा दाबाचं काडतूस उडवून तिची परीक्षा घेतात आणि पास झाली तरच तिच्यावर ठसा मारतात. खराद्यानं कातलेल्या नळीची परीक्षा कोण घेणार? पहिला बार काढणारा. म्हणजे मी, नाहीतर पुतण्या.

दुसरी गोष्ट बसवण्याची. रायफलीत काडतूस बसलं की त्याचं बूड आणि मागच्या बोल्टचं तोंड ह्यात किती जागा राहते, ह्यावर सगळा खेळ असतो. जागा केसाएवढी जास्त झाली तरी पितळी टोपण मागं ताणतं, फाटतं आणि तो गरम वायू थेट तोंडावर येतो. हे मोजायला खास गेज असतात, एक आत जायलाच पाहिजे, दुसरा जाताच कामा नये. व्हिडिओतल्या गड्याकडं ते होते, पण पुतण्याचं लक्ष पान्याकडं होतं. आपल्या मोडत्या बंदुकीत तर प्रत्येक नळी तिच्या तिच्या बुडाला हातानं घासून बसवलेली असते. एकाच कंपनीच्या दोन बंदुका घेऊन नळ्यांची अदलाबदल केली तरी बसतील याची खात्री नाही. खिडकीचं दार दुसऱ्या चौकटीला लावून बघा, तसंच.

आता कायदा. इथं जरा थांबून वाचा, कारण घोळ इथंच होतो.

व्हिडिओ अमेरिकेतला आहे. तिथं कायद्यानं बंदूक धरतात ती मधल्या सांगाड्याला, ज्याच्यावर नंबर असतो त्याला. नळी हा तिथं सुटा भाग, टपालानं घरी येतो. आपल्याकडं 1959 च्या शस्त्र कायद्यात अग्निशस्त्राच्या व्याख्येतच त्याचे भाग धरलेत. म्हणजे सुटी नळी हीसुद्धा कायद्याच्या नजरेत बंदूकच. त्याच कायद्याचं कलम 5 सांगतं की बंदूक बनवणं, विकणं, बदलणं आणि दुरुस्त करणं ह्या प्रत्येकाला वेगळा परवाना लागतो. माझ्याकडचं लायसन बंदूक बाळगायचं आहे, दुरुस्तीचं नाही. नळी आखूड करायची असली तरी कलम 6 आडवं येतं. बंदुकीवरचा नंबर खोडला, घासला तर कलम 8. आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्या-दुरुस्तीची शिक्षा किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. त्या खराद्याला हे ठाऊक असतं तर फोनवर 'आणा' म्हणाला नसता. तीन गुंठे मक्यापायी तिघं आत.

पुतण्याला हे वाचून दाखवलं तर म्हणाला, "तात्या, कायदा शेतकऱ्याच्या विरोधात आहे." तसं म्हणता येत नाही बाबा. त्याच कायद्याचं कलम 13 सांगतं की पीक संरक्षणाचं कारण खरं असेल तर ठासणीच्या बंदुकीचं लायसन द्यायचं, आणि तेवढ्यानं भागत नसेल तर दुसरी साध्या नळीची बंदूकही देता येते. शेतकऱ्याचं नाव घेऊन लिहिलेलं कलम आहे ते. माझी तक्रार वेगळी आहे. लायसन नूतनीकरणाला गेलं की कागद बघतात, नंबर बघतात, काडतुसांचा हिशोब बघतात. नळीत डोकावून कुणी बघत नाही. ट्रॅक्टरला पासिंग असतं, एसटीला असतं. चाळीस-पन्नास वर्षं जुनी बंदूक मात्र कागद नवा असला की नवी. पोलीस दलात शस्त्रं दुरुस्त करणारे आर्मोरर असतात. वर्षातनं एक दिवस तालुक्याच्या ठिकाणी बसवा, सगळ्या लायसनवाल्यांच्या नळ्या तपासा, जी धोक्याची तिच्यावर तसं लिहून द्या. निवडणुकीला बंदुका जमा करून घेताच की, 2024 ला माझी लोकसभेला गेली आणि विधानसभेलाही गेली. त्या वेळी तपासणी झाली असती तर शेतकऱ्याला वेगळा हेलपाटाही पडला नसता. परवानाधारक दुरुस्तीवाला आपल्या आसपास नाही, पुणं गाठावं लागतं, आणि म्हणूनच माणूस खराद्याकडं वळतो. हे सरकारनं समजून घ्यावं.

आता मूळ मुद्दा, नळी झिजली कशी? हा प्रश्न मी स्वतःला विचारला तेव्हा हसू आलं. रायफलीची नळी झिजते ती हजारो गोळ्या गेल्यावर. आतले आटे काडतुसाजवळच्या टोकाला गरम वायूनं खाल्ले जातात, मग गोळी नीट फिरत नाही आणि नेम भरकटतो. व्हिडिओतला गडी स्पर्धेत गोळ्या मारणारा असणार. आपल्या बारा बोरला आत आटेच नाहीत, गुळगुळीत नळी. आणि वडिलांनी उभ्या आयुष्यात शे-दोनशे बार काढले असतील. म्हणजे आमची नळी उडवून झिजलेली नाही, न उडवता सडलेली आहे.

सडवली आम्हीच. एक तर कातडी म्यानात ठेवली. कातडं ओल धरतं आणि लोखंडाला चिकटवून ठेवतं. दुसरं, पावसाळ्यात बार काढला की लगेच साफ करायची ती आठवड्यानं केली, कधी केलीच नाही. तिसरं, तेल म्हणून घरातलं खोबरेल लावलं. ते वाळून चिकट होतं आणि त्यात धूळ बसते. बंदूक साफ करणं, पुसणं, हलकं यंत्रतेल लावणं हे मालकाचं काम आहे, त्याला कुणाचा परवाना लागत नाही. तेवढं केलं असतं तर ही वेळ आली नसती. निवडणुकीला जमा करतानासुद्धा आतून-बाहेरून तेलाचा हात मारून द्या आणि पावती घ्या. परत येते तेव्हा किती महिने झालेले असतात ते आपल्या हातात नसतं.

आणखी एक शत्रू सांगतो, तो कुणाच्या ध्यानात येत नाही. कुंभारीण माशी. तीच, जी भिंतीवर, इंजिनाच्या नळकांड्यात मातीचं घर करते. उभ्या ठेवलेल्या बंदुकीचं तोंड तिला आयतंच. ठिबकच्या पाइपात ती शिरली तर फार तर पाणी अडतं. बंदुकीच्या नळीत ते चिखलाचं बूच वायूची वाट अडवतं आणि नळी तिथं फुगते, नाहीतर फाटते. बांधावर पडून नळीच्या तोंडात चिखल गेला तरी तेच. म्हणून काडतूस घालायच्या आधी, बंदूक रिकामी आहे ह्याची खात्री करून, नळीतनं उजेड बघायचा. दरवेळी. सवय म्हणून.

लहानपणी मी मामाच्या गावाला काय बघितलं ते सांगतो, म्हणजे मी एवढा का भितो ते कळेल. तिथल्या एका शेतकऱ्याकडं ठासणीची बंदूक होती. नळीला बारीक चीर गेली होती. गावातल्याच लोहाराकडनं त्यानं ती पितळ ओतून जोडून घेतली. जोड इतका सफाईदार की लोक बघायला यायचे, मी पण हात फिरवून बघितलेला. ज्वारी हुरड्यात आलेली, त्यानं पाखरांवर बार काढला. आवाज नेहमीसारखा आला नाही, कुणीतरी पत्रा आपटल्यासारखा आला. आम्ही पोरं पळत गेलो. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती आणि तो उजव्या हातानं डोळा दाबून बसला होता. डोळा गेलाच. पुढं वीस-पंचवीस वर्षं जगला तो, पण मोट, नांगर, पाभर, काही धरता आलं नाही. लोहारानं त्यानंतर त्याच्या दारावरनं जाणं सोडलं. दोघंही चांगली माणसं.

बंदूक नाही म्हणून पोरं दुसरीच आफत घरी करतायत, तिच्यावरही बोलतो. प्लॅस्टिकच्या पाइपची कार्बाइड गन. माकडं, पाखरं हाकलायला म्हणून शेतात आली आणि आता पोराबाळांच्या हातात गेली. 2025 च्या दिवाळीत भोपाळ आणि मध्य प्रदेशात शंभरावर लोकांच्या डोळ्यांना तिनं इजा झाली, त्यात लहान मुलं जास्त, काहींची नजर गेली. बार झाला नाही म्हणून पाइपात डोकावायला जातात आणि नेमका तेव्हा होतो. प्लॅस्टिक फुटलं की त्याचे तुकडे क्ष-किरणातही नीट दिसत नाहीत. माझ्या शेतात ती वस्तू आणायची नाही, एवढं मी घरात सांगून ठेवलंय. कुंपणाच्या तारेला थेट लाइटीचा करंट जोडणारे शहाणे तर वेगळेच, त्यांनी डुकरापेक्षा शेजारी जास्त मारलेत.

बरं, बंदूक चांगली असती तरी काय केलं असतं? हेही नीट समजून घ्या. पीक संरक्षणाचं लायसन म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायचं तरी कलम 11 खाली अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी लागते. आपल्या भागात हे जास्तच जपायला हवं. सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य, इकडं कडबनवाडीचं माळरान. अंधारात मक्यात काहीतरी हललं म्हणून बार काढला आणि पडलं चिंकारा, तर पुढचं आयुष्य कोर्टात. आणि चिंकारा नसून राखणीला आलेला आपलाच शेजारी असला तर? वडील हवेतच बार काढायचे. आवाजाचा धाक चार दिवस. पाचव्या दिवशी डुकरं परत यायचीच, हे मी स्वतः बघितलंय.

शेवटी मी लायसन, आधार आणि बंदूक घेऊन पुण्याला परवानाधारक दुकानात गेलो. तिथला कारागीर म्हातारा. चष्मा कपाळावर ढकलला, नळी उघडून खिडकीकडं धरली आणि हळूहळू फिरवत बघत बसला. मग मला बघायला लावलं. आतल्या उजेडात गोल कडी दिसायला पाहिजेत, एकात एक, सरळ. तोंडापासून वीतभर खाली एका जागी ते कडं वाकडं दिसत होतं. म्हणाला, "इथं नळी फुगलीय. कधीतरी आत काहीतरी अडकलं होतं आणि तुम्ही बार काढलाय."

मी तिथंच खाली बसलो. वडील असताना एकदा आंब्याखालनं घरात आले आणि खांदा चोळत आईला म्हणाले होते, आज लई धक्का दिला हिनं. कुणी लक्ष दिलं नाही. पुढं मी बार काढला तेव्हाही तसाच धक्का, आणि मी समजलो गंजामुळं. म्हणजे फुगलेल्या नळीनं आम्ही बाप-लेक दोघंही गोळीबार करत होतो. आणि पुतण्याचं ऐकून नळीचं बूड तेवढं नीट करून घेतलं असतं तर फुगवटा कुणी बघितलाच नसता.

कारागिराला विचारलं, नवी नळी? म्हणाला, कारखान्याकडनं मिळाली, परवानगीचे कागद झाले, बसवून चाचणी झाली तर होईल, पण खर्च बंदुकीच्या किमतीवर जाईल. मुंगळ्याला पालखी कशाला. मी बंदूक आणि उरलेली काडतुसं तिथंच रीतसर जमा केली, पावती घेतली. काडतुसं आपल्याच खडकीच्या कारखान्यातली, वडिलांनी जपून ठेवलेली. ती देताना जरा जड गेलं.

ज्यांच्या घरी वडील-आजोबांची बंदूक अजून तशीच आहे त्यांना एक सांगतो. लायसन माणसाचं असतं, घराचं नाही. धनी गेला तर बंदूक कपाटात ठेवून चालत नाही, पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानात जमा करून वारसानं स्वतःचा अर्ज करायचा. 2016 च्या नियमांत सोयही आहे, धनी सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक बाळगून पंचवीस वर्षं झाली तर हयातीतच वारसाच्या नावावर करता येते. आधी नळी मात्र तपासून घ्या. गंजकी बंदूक वारसाला देण्यात काय अर्थ?

मक्याच्या कडेनं झटका मशीन लावलं. बॅटरीवरचं, तयार आयएसआय छापाचं, घरी जोडलेलं नाही. तारा दोन, खालची वीतभर उंचीवर, कारण डुक्कर नाक खाली घालून येतं. तारेखालचं गवत आठवड्याला काढावं लागतं, नाहीतर झटका जमिनीत जातो. हे काम पुतण्याकडं दिलंय आणि तो ते मन लावून करतो. त्याच्या हाताला काम पाहिजे होतं, बंदूकच पाहिजे होती असं नाही. खरीप 2026 पासून पीक विम्यात वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसानही धरायचं केंद्रानं जाहीर केलंय, 72 तासांत मोबाइलवरनं फोटोसह कळवायचं आहे. आपल्या जिल्ह्यात कुठली जनावरं, कुठली पिकं धरलीत ते कृषी सहायकाकडनं आधी विचारून ठेवा. डुकरं शिरल्यावर विचारायला जाऊ नका. कृषी विभागातली जी मंडळी हे वाचतात त्यांनी हे गावसभेत सांगितलं तर बरं होईल.

परवा रात्री डुकरं पुन्हा ओढ्यापर्यंत आली होती. सकाळी माग दिसले, तारेपाशी येऊन मागं फिरलेले. मका अजून तीन आठवडे रानात आहे.